दोन ओळींच्या मधली व्हायोलिनं

जुन्या हिंदी गाण्यात मुखडा संपतो, लताबाई श्वास घेतात आणि तेवढ्या जागेत व्हायोलिनांचा अख्खा ताफा उसळून येतो. ती सुरावट आपल्याला शब्दांइतकीच पाठ असते. तबकडीवर गायकाचं आणि संगीतकाराचं नाव असे. ही सुरावट लिहिणाऱ्याचं आणि वाजवणाऱ्यांचं नसे. हा अन्याय मला फार मोठा वाटतो.

हे वादक मोठ्या संख्येने गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत तिथे चर्चला जोडून गावोगाव शाळा चालत. मेस्त्र (तिथला संगीतशिक्षक) मुलांकडून आधी सोल्फेजो घोटून घेई, म्हणजे कागदावरची स्वरलिपी बघून सूर तोंडाने म्हणायचे. व्हायोलिन हातात यायचं ते त्यानंतर. अशी तयार झालेली मुलं मुंबईत पोटापाण्यासाठी आली, हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवू लागली आणि बोलपट गाऊ लागल्यावर स्टुडिओत शिरली. समोर ठेवलेला नवा कागद पहिल्याच नजरेत वाजवणं ही त्यांची खरी पुंजी.

स्टुडिओत तिची फार गरज होती. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवी; पाश्चात्त्य स्वरलिपी बहुतेकांना येत नसे. मग अरेंजर ती चाल कागदावर उतरवून पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, चेलो अशी वाटून देई. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम सेबॅस्टियन डिसूझा यांनी वर्षानुवर्षं केलं. फाळणीआधी ते लाहोरला होते. गायकाच्या आवाजाखालून वेगळीच, पण त्याला सांभाळून घेणारी सुरावट नेण्यात त्यांचा हातखंडा होता. ती खालची ओळ काढून टाकली तर त्या गाण्यांचं निम्मं वैभव जाईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताफ्यात एका स्टँडवर दोघे वाजवतात, पान एकच उलटतो. सगळ्यांचे गज एकाच दिशेने चालावे लागतात, आणि ते केवळ दिसायला छान म्हणून नव्हे. मुठीकडून टोकाकडे ओढलेल्या गजात सुरुवातीला वजन असतं, म्हणून जोराची मात्रा सहसा तिथे येते. उलट दिशेला जोर वाढत जातो. शिवाय वीस जणांचा एकच स्वर केसभर तरी पुढेमागे असतोच, आणि त्या केसभर फरकामुळेच ताफ्याचा आवाज रुंद, भरदार होतो. अवघड जागा मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. कागदावर दोन स्वरांमध्ये एक रेघ ओढता येते, पण त्या रेघेवरून किती रेंगाळायचं, हे वादकानेच गाणं ऐकून ओळखायचं. तेव्हा गायक आणि वाद्यवृंद एकत्रच ध्वनिमुद्रित होत. एकाचा गज चुकला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस 1943 साली मुंबईत आले आणि नौशाद यांच्या ताफ्यात वाजवू लागले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गोन्साल्विस यांचं नाव आलं, ते शिष्याने गुरूला केलेलं वंदन. पण त्यांचं खरं धाडस वेगळं होतं. स्टुडिओतलं काम संपल्यावर रागावर आधारलेल्या वाद्यवृंदाच्या रचना ते लिहीत बसत. 1958 साली त्यांनी स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्या रचना लोकांपुढे आणल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. एरवी पडद्यामागे बसणारे वादक त्या दिवशी श्रोत्यांसमोर बसले. 1965 मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले.

पुढे मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण आलं, वादक वेगवेगळ्या वेळी येऊन आपापला भाग वाजवून जाऊ लागले. मग सिंथेसायझर आला. कळ दाबली की व्हायोलिनांचा आवाज मिळतो, सूरही पक्का असतो. गज तारेला लागतानाची किंचित खरखर आणि मागोमाग सगळ्या ताफ्याने धरलेला जोर मात्र मला अजून त्या जुन्या ध्वनिमुद्रणांतच सापडतो.