वारकऱ्याचे पांघरूण

आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरांची वाट वारकरी पायी चालतात. वाटेत पाऊस आला, तर अंगावर काय घ्यावे? भातलावणी करताना वाकलेल्या पाठीवर इरले छान बसते. ताठ चालणाऱ्याला मात्र ते वाऱ्यात आवरत नाही. घोंगडी भिजली तरी ऊब देते, पण पाणी पिऊन जड होते. छत्री एक हात अडकवते, आणि टाळाला तर दोन्ही हात हवेत! म्हणून पुष्कळ वारकरी प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून घेतात. तो हलका असतो व घडी करून पिशवीत मावतो. परंतु त्यातून घामाची वाफ बाहेर पडत नाही. दिवे घाट चढताना ती आतल्या बाजूस साचून तिचे पाणी होते आणि पावसावाचूनच अंग भिजते. यासाठी कागद बाजूंनी सैल ठेवावा. तो अपुरा पडला, तर आधी पिशवी झाकावी. रात्री मुक्कामी कोरडे कपडे तिच्यातूनच मिळायचे असतात.