फुप्फुसांची हानी आणि त्यांची डागडुजी

२०२० व २०२१ ह्या वर्षांतील करोनाच्या साथीत पुष्कळ घरांना एक चमत्कारिक अनुभव आला. दुखण्याचा पहिला आठवडा ज्वर व खोकला ह्यांत गेला. आता उतार पडणार असे वाटू लागले, आणि नेमकी त्याच सुमारास रोग्याला धाप लागू लागली. बोटाला लावलेल्या चिमट्यातील आकडा ९५ वरून ९० वर, ९० वरून ८५ वर घसरू लागला. वास्तविक विषाणूंचा जोर तोवर बहुधा ओसरू लागलेला असतो. मग श्वास का कोंडावा? ह्याचे उत्तर फुप्फुसाच्या रचनेत आहे. आणि रोगी पुढे बरा कसा होतो, ह्याचेही उत्तर तेथेच सापडते.

फुप्फुस म्हणजे हवेने फुगणारी एक मोठी पिशवी, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते वायुकोशांचे मोहोळ होय. प्रौढ मनुष्याच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. त्या सर्वांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर एखाद्या प्रशस्त दिवाणखान्याहूनही अधिक जागा व्यापतील. भिंतीच्या एका अंगास हवा आणि दुसऱ्या अंगास केशवाहिन्यांतील रक्त. ह्या दोहोंमधला पडदा कित्येक ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. तो इतका पातळ आहे म्हणूनच प्राणवायू रक्तात सहज उतरतो.

ह्या भिंतीला आतून दोन प्रकारच्या पेशींचे अस्तर असते. पहिल्या प्रकारच्या पेशी चपट्या असून फरशीप्रमाणे पसरलेल्या असतात. सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच झाकलेला असतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी ठेंगण्या, कोपऱ्यात बसलेल्या. संख्येने अधिक, पण जागा थोडी अडवणाऱ्या. त्यांच्याकडे दोन कामे आहेत. वायुकोशाच्या आतील ओलाव्याचा थर स्वभावतः आकसू पाहतो व कोशाला मिटवू लागतो. ह्या पेशी एक स्निग्ध द्रव्य पाझरवून तो ताण कमी करतात. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या फुप्फुसांत ह्या द्रव्याची उणीव असते, हे मेरी एलन एव्हरी व जेरी मीड ह्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. दुसरे काम गवंड्याचे. चपट्या पेशी नष्ट झाल्या, की ह्या ठेंगण्या पेशी विभागून वाढतात, पसरतात आणि स्वतःच चपट्या होऊन फुटकी फरशी भरून काढतात.

करोना विषाणू नेमका ह्या गवंड्यांनाच गाठतो. इन्फ्लुएंझाही उग्र रूप धारण करून खोल उतरला, म्हणजे वायुकोशांचे अस्तर उद्ध्वस्त करतो. ह्यानंतरची बरीचशी हानी आपल्याच शरीराच्या प्रतिकारातून घडते. दाह भडकतो, केशवाहिन्या गळू लागतात आणि रक्तातील प्रथिनयुक्त द्रव वायुकोशांत शिरतो. मेलेल्या पेशी व गोठलेली प्रथिने ह्यांचा काचेसारखा थर भिंतींवर बसतो. अमेरिकेत डेन्व्हर येथील अॅशबॉ व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६७ मध्ये अशा १२ रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. कोणास अपघात झालेला, कोणास विषाणूचा संसर्ग. परंतु फुप्फुसांची अवस्था सारखीच. त्यांपैकी ७ जण दगावले.

अशा रोग्यास यंत्राने श्वास द्यावा लागतो. पण यंत्राने फुप्फुस बरे होत नाही. डागडुजी चालू असता रोग्यास जगवणे, एवढेच त्याचे काम. ते काम आडदांडपणे झाले, तर नवी इजा होते, हे वैद्यकाला उशिरा उमगले. फुप्फुसाचा बराच भाग पाण्याने भरलेला असल्यामुळे हवा घेणारा उरलेला भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच राहतो. त्यात प्रौढाचा श्वास कोंबला, की निरोगी कोशही फाटतात. अमेरिकेत ८६१ रोग्यांवर झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्याने मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. कमी देण्यात अधिक लाभ!

दुसरा उपाय ह्याहूनही साधा आहे. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणे निजल्याने तोच दबतो. यंत्रावरील रोग्यास दिवसातून निदान १६ तास पालथे ठेवले असता मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच परीक्षणात आढळले. औषधांपैकी डेक्सामेथॅसोन ह्या स्वस्त व जुन्या औषधाने यंत्रावरील करोना रोग्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, हे २०२० मध्ये ब्रिटनमध्ये सिद्ध झाले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांनी ध्यानात घेतली नाही.

दाह शमला म्हणजे पेशी क्षार ओढून घेतात व त्यामागोमाग कोशांतील पाणी निघून जाते. भक्षक पेशी राडारोडा उचलतात. तंतूंचे जाळे तात्पुरत्या परांचीसारखे उभे राहते आणि बहुधा हळूहळू विरते. काहींच्या बाबतीत ते तसेच राहून फुप्फुस ताठर होते. कॅनडातील टोराँटो येथे अशा आजारातून वाचलेल्या १०९ जणांची पाहणी झाली. वर्षभरात त्यांच्या फुप्फुसांचे आकारमान बहुतेक पूर्ववत झाले होते. तरीही सहा मिनिटांत त्यांच्याकडून अपेक्षेच्या ६६ टक्के, म्हणजे मध्यमानाने ४२२ मीटर एवढेच अंतर चालवले जाई. कारण छातीत नव्हते. आजारात झिजलेले स्नायू अद्याप भरून आले नव्हते. पाच वर्षांनंतर हे अंतर ४३६ मीटर भरले. म्हणून घरी परतलेला रोगी जिना चढताना मध्येच बसला, तर त्याच्या फुप्फुसांबरोबर त्याच्या मांड्यांकडेही पाहावे लागते.