ठोसा एक, नावे अनेक

विहारातील पालीचा वर्ग संपल्यावर मेहकर तालुक्यातील एक विद्यार्थिनी मागे थांबली. तायक्वांदोच्या पट्टा-परीक्षेत तिला ‘बान्दे जिरुगी’ अशी आज्ञा मिळाली होती. डावा पाय पुढे ठेवून तिने उजव्या हाताने ठोसा मारला आणि तो चुकीचा ठरला. पूर्वीच्या प्रशिक्षकांनी मात्र तिला हेच शिकविले होते. गुण गेले, त्याहून अधिक आत्मविश्वास गेला. ‘मग चूक कोणाची?’ असा तिचा प्रश्न होता.

उत्तर असे की, चूक कोणाचीच नव्हती. कोरियन भाषेत ‘जिरुगी’ म्हणजे ठोसा, ‘बारो’ म्हणजे सरळ आणि ‘बान्दे’ म्हणजे उलट. १९६६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघाच्या परंपरेत पुढच्या पायाच्याच बाजूचा हात चालला तर ‘बारो’ आणि विरुद्ध बाजूचा चालला तर ‘बान्दे’ म्हणतात. सेऊल येथे १९७२ साली उभ्या राहिलेल्या कुक्कीवॉनच्या परंपरेत नेमके याच्या विपरीत आहे. चालताना डाव्या पायासोबत उजवा हात पुढे येतो. हा मेळ ‘सरळ’ मानला, तर दुसरी पद्धतही तितकीच सुसंगत वाटते. शब्द तेच, अर्थ परस्परविरुद्ध.

कराटेत याउलट प्रकार दिसतो; तेथे क्रिया एक आणि नावे दोन. पाय पुढे टाकीत त्याच बाजूच्या हाताने मारलेल्या ठोशाला शोतोकान शैलीत ‘ओई-झुकी’ म्हणतात, तर वादो-र्‍यू शैलीत ‘जुन-झुकी’. ‘ओई’मध्ये पाठलागाचा भाव आहे, ‘जुन’मध्ये अनुक्रमाचा. एकाने पुढे झेपावणारे पाऊल पाहिले, दुसऱ्याने हातापायांची अनुकूलता. वादो-र्‍यूचे प्रवर्तक हिरोनोरी ओत्सुका हे गिचिन फुनाकोशींचेच शिष्य, तरीही नाव वेगळे झाले. मूळ शब्द ‘त्सुकी’. समासात त्याचा ‘झुकी’ होतो. संधी शिकलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. मुष्टियुद्धातील ‘हुक’ हे नाव तर हाताच्या आकड्यासारख्या वाकणीवरून पडले.

आपल्याकडेही गुद्दा, बुक्की, ठोसा असे शब्द आहेतच. संस्कृत ‘मुष्टि’, पाली ‘मुट्ठि’ आणि मराठी ‘मूठ’ ही एकाच शब्दाची रूपे होत. दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात खेळ-तमाशांच्या यादीत दंडयुद्धाबरोबर ‘मुट्ठियुद्ध’ आले आहे.

परंतु विद्यार्थिनीच्या प्रश्नाला खरा प्रकाश मिळतो तो मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्तात. ‘अरण’ म्हणजे कलहरहित अवस्था. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाति, पत्त, वित्थ, सराव इत्यादी नावे आहेत, असे तथागत तेथे दाखवितात. आपल्या जनपदाचा शब्द हाच खरा, बाकीचे व्यर्थ, असा हट्ट धरू नये. तसेच रूढ व्यवहाराचे उल्लंघनही करू नये. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत. पहिले विसरले की वाद माजतो. दुसरे विसरले की शिकणाऱ्याचे नुकसान होते.

परीक्षा ज्या परंपरेची, तिचा शब्द त्या दिवशी प्रमाण मानावा. प्रशिक्षकांनीही दुसरीकडून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचाराव्यात: कोणता पाय पुढे, कोणता हात चालतो, ठोसा कोठे लागतो? एवढे स्पष्ट झाले म्हणजे नावाचा गोंधळ उरत नाही. जोडीच्या सरावात तर हे अगत्याचेच आहे, कारण भलत्याच बाजूने ठोसा आला म्हणजे इजा होते.

त्या मुलीला मी इतकेच सांगितले की, तिचा हात चुकला नव्हता. तिला दोन जनपदांची भाषा येत होती, एवढेच. ती पुन्हा परीक्षेला बसणार आहे.