वार्तापत्र कोणाचे, भांडवल कोणाचे?

'वार्तापत्र' म्हटले की मराठी वाचकाला दूरच्या शहरातून बातमीदाराने पाठवलेला मजकूर आठवतो. संगणक उद्योगात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. मोजके वर्गणीदार, चढी वर्गणी आणि बहुतेक मजकूर एकाच माणसाचा, असे ते प्रकाशन असते. जाहिरातदाराची भीड नसल्याने त्याचा शब्द वजनदार ठरतो. अमेरिकेतील बेन रोझेन यांच्या वार्तापत्राने मात्र या समजुतीपुढे एक अवघड प्रश्न उभा केला.

सत्तरच्या दशकात रोझेन 'मॉर्गन स्टॅन्ली' या गुंतवणूक बँकेत इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचे विश्लेषक होते. त्या काळी व्यक्तिगत संगणक हे हौशी मंडळींचे खेळणे समजले जाई. रोझेन यांनी मात्र ॲपल संगणक स्वतः वापरून पाहिला होता. जुलै १९७९च्या वार्तापत्रात त्यांनी 'व्हिजिकॅल्क' या प्रोग्रॅमविषयी लिहिले. तो अद्याप विक्रीला आलेलाही नव्हता.

अंदाजपत्रक कागदावर मांडणाऱ्याला त्याचे महत्त्व लगेच कळेल. उभ्या-आडव्या रकान्यांतला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या बेरजा खोडून पुन्हा कराव्या लागत. व्हिजिकॅल्क त्या क्षणार्धात करी. संगणक घेतला म्हणून प्रोग्रॅम घ्यायचा, ही रीत उलटेल आणि या एका प्रोग्रॅमसाठी लोक संगणक घेतील, असा रोझेन यांचा तर्क होता. तो अचूक ठरला.

१९८०मध्ये बँक सोडून ते स्वतःच्या नावाने वार्तापत्र काढू लागले. पुढच्याच वर्षी एल. जे. सेविन यांच्यासह त्यांनी नवउद्योगांना भांडवल पुरवणारी संस्था स्थापन केली, आणि खरी अडचण येथे सुरू होते. या संस्थेने 'कॉम्पॅक' आणि 'लोटस' या कंपन्यांत पैसा घातला. लोटसचा '१-२-३' हा प्रोग्रॅम १९८३च्या प्रारंभी आला आणि त्याने व्हिजिकॅल्कला मागे टाकले. १९८५मध्ये लोटसने व्हिजिकॅल्कच्या निर्मात्यांची कंपनीच विकत घेतली. ज्या प्रोग्रॅमचे मोल रोझेन यांनी जगाला सांगितले, त्याचा अस्त त्यांच्याच भांडवलावर उभ्या राहिलेल्या कंपनीने घडवला.

यात कपट शोधण्याचे कारण नाही. रोझेन कॉम्पॅकचे अध्यक्ष होते, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही भागधारकाने आपल्याच उद्योगाविषयी लिहिलेले परीक्षण वाचकाने कसे वाचावे, हा प्रश्न उरतोच. जाहिरात नसली म्हणजे हितसंबंध नसतात, असे नव्हे.

१९८३मध्ये रोझेन यांनी हा व्यवसाय एस्थर डायसन यांना विकला. डायसन मूळच्या 'फोर्ब्स' नियतकालिकातल्या बातमीदार. विक्रीस आलेल्या प्रोग्रॅमच्या पहिल्या आवृत्तीला जो क्रमांक देतात, तोच घेऊन त्यांनी वार्तापत्राचे नाव 'रिलीज १.०' ठेवले. समभागांच्या भावापेक्षा उद्याच्या कल्पनांवर त्यांचा भर असे. 'पीसी फोरम' ही वार्षिक परिषदही त्यांनी चालवली. तेथे जमणारे कंपन्यांचे प्रमुख हेच वार्तापत्राचे वाचक आणि तेच त्याचे विषय. अशा वर्तुळात कठोर लिहिणे किती कठीण, हे कोणत्याही गावातला वार्ताहर सांगेल.

२००४मध्ये डायसन यांनी आपली कंपनी 'सीनेट'ला विकली. तोवर त्या स्वतःही अनेक नव्या कंपन्यांत गुंतवणूक करू लागल्या होत्या.