साहेब रजेवर असताना

साहेब रजेवर असले की ऑफिसात दोन तऱ्हेची दृश्ये दिसतात. एके ठिकाणी अकरा वाजताच चहा येतो, फायली मिटतात आणि गप्पांना ऊत येतो. दुसरीकडे काम रोजच्यासारखेच चालू असते. कोणी विचारले तरच कळते, की साहेब आज आलेले नाहीत. पहिल्या ऑफिसातले कर्मचारी कामचुकार आणि दुसऱ्यातले प्रामाणिक, असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण ही परीक्षा बहुतेक वेळा साहेबांचीच असते.

प्रमुख खोलीबाहेर गेला आणि...

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून अमेरिकेत आले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आयोवा विद्यापीठात त्यांनी रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासह एक प्रयोग केला. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे छोटे छंदवर्ग तयार करून प्रत्येकावर एक प्रौढ प्रमुख नेमला. हे प्रमुख तीन पद्धतींनी वागत. पहिल्या पद्धतीत प्रमुख नुसते हुकूम सोडी. दुसरीत तो मुलांशी चर्चा करून काम ठरवी. तिसरीत तो सारे मुलांवर सोडून स्वतः अलिप्त राही.

हुकमी गटात काम भरपूर झाले, पण प्रमुख खोलीबाहेर जाताच ते मंदावले. शिवाय मुले एकमेकांवर चिडू लागली किंवा गप्प गप्प राहू लागली. चर्चेने चालणाऱ्या गटात प्रमुख नसतानाही काम जवळपास तसेच सुरू राहिले. मोकाट सोडलेल्या गटात काम कमी आणि कच्चे झाले. हे प्रयोग लहान मुलांवरचे असल्याने कारखान्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण त्यांनी उभा केलेला प्रश्न आजही कायम आहे.

धाक की विश्वास?

डग्लस मॅक्ग्रेगर यांनी १९६० मध्ये या प्रश्नाच्या मुळाशीच हात घातला. माणसाला काम नकोच असते, असे मानणारा साहेब पहारा ठेवतो. याला त्यांनी ‘एक्स’ सिद्धांत म्हटले. काम मनासारखे असेल तर माणूस जबाबदारी आपणहून घेतो, असे मानणारा साहेब विश्वास टाकतो. तो ‘वाय’ सिद्धांत.

आपल्याकडे मात्र साहेबाकडून थोडी वडीलकीची अपेक्षाही असते. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये नेमके हेच मांडले. हाताखालच्या माणसांची काळजी घ्यावी, पण काम चोख करून घ्यावे आणि ती तयार झाली की निर्णयात सामील करून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे.

गच्चीवरचा धडा

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी जमल्या. ८० रुपये उसने घेऊन त्यांनी पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. त्यातूनच ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

इथे भिजवलेले पीठ केंद्रावरून न्यायचे आणि पापड घरी लाटायचे. लाटताना डोक्यावर कोणी उभे नसते. दुसऱ्या दिवशी मात्र पापड वजन करून, तपासूनच घेतले जातात. सभासद ‘बहन’ संस्थेची मालकीणही असते; नफा-तोटा साऱ्यांचा. पापड बिघडला तर नुकसान आपलेच, हे तिला सांगावे लागत नाही. विश्वासाला मालकीची आणि तपासणीची अशी जोड आहे, म्हणूनच हजारो घरांत पसरलेले काम निभावते.

याचा अर्थ हुकूम नेहमीच वाईट, असा नाही. कारखान्यात आग लागली तर कोणी सभा भरवत नाही. नवशिक्याला सुरुवातीला बोट धरून शिकवावेच लागते. चूक होते ती नंतरही बोट न सोडण्यात.

तुमच्या हाताखाली दोन माणसे असोत वा दोनशे, पुढच्या वेळी रजेवर जाल तेव्हा दिवसातून दहा फोन करण्याचा मोह आवरा. परत आल्यावर काय अडले होते, ते पाहा. जे अडले असेल, ते शिकवायचे किंवा सोपवायचे तुमच्याकडूनच राहून गेले आहे.