धारेमागची जाडी

खिशात बाळगायचा लहान चाकू कुणाकडून करवून घ्यायचा असेल, तर पोलादाचं नाव, मुठीचं लाकूड, म्यानाचं चामडं या सगळ्याच्या आधी कारागिराला एक आकडा सांगावा: धारेमागची जाडी पाव मिलिमीटरच्या आत हवी. चाकूंचा नाद मला कैक वर्षांचा आहे आणि त्यातून हाती लागलेलं सगळ्यात मोलाचं ज्ञान या आकड्यात आहे.

पात्याच्या दोन्ही बाजू पाठीकडून खाली उतरत येतात. जिथे त्यांचा उतार संपतो आणि दगडावर लावलेली धार सुरू होते, तिथलं हे माप. बाजारातल्या बऱ्याच चाकूंमध्ये ते अर्ध्या मिलिमीटरच्या वर असतं. गिऱ्हाईक त्याच चाकूने पत्र्याचा डबा उघडेल, स्क्रूही फिरवेल, हे कारखान्याला गृहीत धरावं लागतं. परिणाम असा, की अशा चाकूने कैरी कापायला घेतली की निम्म्यावर कटकन आवाज होतो आणि फोड फाटून निघते. धार कितीही लावा, मागचं पोलाद पाचरीचं काम करतंच. व्हर्नियर जवळ नसेल तर धारेची चकाकती पट्टी पाहावी. दर बाजूला १५ अंशांची धार असेल आणि मागची जाडी ०.२ मिलिमीटर असेल, तर ती पट्टी अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद दिसते, जाडी ०.७ असेल तर सव्वा मिलिमीटरच्या पुढे जाते. दुकानात उभ्याउभ्या चाकूची पारख होते ती अशी.

पातळ पात्याची खरी किंमत मला कळली ती मात्र कोकणात, आंब्याच्या रोपवाटिकेत. कोय कलम पावसाळ्यात बांधतात. पेरलेली कोय रुजून वर आलेली, पानं अजून तांबूस, रोप जेमतेम दहा-पंधरा दिवसांचं. त्याचा शेंडा छाटायचा, कोवळ्या खोडाला मधोमध उभा काप द्यायचा आणि हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून केलेली पाचर त्यात बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) ही पद्धत बागायतदारांपर्यंत नेली. कलम बांधणाऱ्या एका काकांच्या हाताकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. त्यांच्या चाकूची एक बाजू अगदी सपाट आणि उतार फक्त दुसऱ्या बाजूला. काडी अंगठ्याशी धरून त्यांनी एकाच ओढीत पाचरीची एक बाजू काढली, काडी फिरवली, दुसरी काढली. पृष्ठभाग काचेसारखा सपाट. पातं दुसऱ्यांदा फिरवलं की काप उंचसखल होतो, दोन सालींखालचे जिवंत थर एकमेकांना नीट चिकटत नाहीत आणि कलम वाळतं. “जाड पात्यानं काडी चिरडते, मग ती जगायची कशी?” काका म्हणाले. खिशातल्या चाकूबद्दलची माझी सगळी मतं तिथेच पक्की झाली.

इतिहास थोडक्यात सांगतो. फ्रान्सच्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९०मध्ये शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा घडीचा चाकू काढला. तो आजही पातळ पात्यासाठी नावाजला जातो. जपानमधल्या मिकी गावचा ‘हिगोनोकामी’ शाळकरी मुलं पेन्सिली तासायला वापरत. १९६०मध्ये असानुमा या नेत्याची भर सभेत हत्या झाली, त्यानंतर मुलांच्या हातून चाकू काढून घेण्याची मोहीम निघाली आणि तो धंदा आटला. अमेरिकेत बॉब लव्हलेससारख्यांनी चाकू हाताने, मागणीबरहुकूम घडवण्याला प्रतिष्ठा दिली. आपल्याकडे रामपुरीचं नाव सिनेमाने बदनाम केलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझा चाकू झाला कोल्हापुरात. पातं ६ सेंटिमीटर, रुंदी २ सेंटिमीटर, पाठ २ मिलिमीटर, घडी नाही, साधं म्यान. पोलाद मी ईएन-३१ मागितलं. हे बेअरिंगचं पोलाद: कार्बन सुमारे १ टक्का, क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास. त्यातले कठीण कण बारीक असतात, म्हणून पातळ धार तुटत नाही. डी-२ या पोलादात क्रोमियम १२ टक्के असतं, त्याचे कण मोठे. डायसाठी उत्तम, पण इतक्या पातळ धारेला मी ते घेणार नाही. ईएन-३१ गंजतं, हे मान्य. कैरी कापली की पुसायचं, बस्स.

चाकू करणाऱ्या मिस्त्रींनी आधीच बजावलं, “साहेब, पातळ करून देतो, पण तापवून तेलात बुडवताना वाकलं तर मला बोल लावू नका.” लोखंडाला सुमारे ७७० अंशांवर चुंबक चिकटेनासं होतं आणि लोहार तेवढ्यावर पाणी देतात. या पोलादाला मात्र ८४०च्या आसपास नेऊन थोडा वेळ तिथेच धरावं लागतं, नाहीतर क्रोमियमचे कण विरघळत नाहीत. म्हणून पातं हार्डनिंगवाल्याकडे गेलं. तिथली कामं किलोच्या भावाने होतात. शंभर ग्रॅमही न भरणारं पातं कुणाच्या तरी मोठ्या लॉटबरोबर भट्टीत गेलं आणि कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ६१ भरून परत आलं.

खरं काम तिथून पुढे सुरू झालं. वाकू नये म्हणून तोवर पातं जाडच ठेवलं होतं. आता पट्ट्यावर घासून उतरवायचं, तेही हातमोजे न घालता, कारण बोटाला चटका बसला की पाण्यात बुडवायची वेळ झाली हे कळतं. कडेला निळा रंग दिसला तर तिथलं पाणी उतरलं असं समजावं. तो भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही. दोन घासण्या, बुडवणी, व्हर्नियर, पुन्हा दोन घासण्या. ०.२२वर मिस्त्री थांबले. त्या पात्याने पेरूची फोड काढली, तर पलीकडची बोटं दिसावीत इतकी पातळ निघाली.

मूठ बाभळीची केली. सांबरशिंगाची मूठ कुणी देऊ केली तर घेऊ नका, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, त्यापासून हा चाकू कोसभर दूर. तरी विमानात, मेट्रोत आणि पोलिसांचा मनाई आदेश असेल तेव्हा तो घरीच ठेवावा.

तुम्हाला असा चाकू करवून घ्यायचा असेल तर आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून काही दिवस खिशात बाळगा. नारळ, हाडं आणि पत्र्याचे डबे याला लावणार नाही, हे मनाशी ठरवा. मजुरीत घासाघीस करू नका, कारण पैसे पोलादाचे नसतात, त्या घासण्या-बुडवण्याच्या तासांचे असतात. आणि खंडेनवमी ते दिवाळी कुठल्याच वर्कशॉपला उसंत नसते, तेव्हा हे काम संक्रांतीनंतर सांगा.