हा जिना कुठं चाललाय?

गेल्या उन्हाळ्यात देवगाव फाट्याला मावशीकडे गेलो होतो. जुने घर पाडून नवे बांधायचा घाट चालला होता. नातवाने जुन्या बैठकीचा फोटो मोबाइलमधल्या यंत्राला दिला आणि ‘नवी बैठक काढ’ असे फर्मावले. क्षणार्धात चित्र तयार! घरची मंडळी हरखून गेली. गवंड्याने मात्र चष्मा पुसून चित्र न्याहाळले व मला विचारले, “सर, हा जिना कुठं चाललाय?”

जिना सरळ भिंतीत घुसला होता. मग काय, आम्हा सर्वांनाच दोष हुडकण्याचा नाद लागला. बंगईच्या तीन साखळ्या छताला, चौथी पंख्याला! दाराची कडी बिजागरीच्याच बाजूला. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे; जाहिरातींतली घड्याळे बहुधा हीच वेळ दाखवतात, आणि यंत्र शिकले तसल्याच चित्रांवर. धंद्याच्या खोडीने माझी नजर दारावरच्या अक्षरांकडे गेली. शिरोरेघ झोकदार, काने-वेलांट्याही दिसत होत्या, पण शब्द म्हणाल तर एकही नाही! अशा उत्तरपत्रिका मी तपासल्या आहेत. पण तिथे लिहिणाऱ्याचा निदान पास होण्याचा तरी हेतू असतो.

२०२२ साली खुल्या झालेल्या ‘लायन’ नावाच्या संचात सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे मथळ्यांसह होते. अशा ढिगाऱ्यावर ही यंत्रे शिकतात. आधी नुसता ठिपक्यांचा धुरळा. तो टप्प्याटप्प्याने निवळत चित्र उमटते. जिना दिसतो कसा, हे यंत्राला पक्के ठाऊक. तो चढून माणूस कुठे तरी पोचतो, हे त्याच्या गावीही नसते. नवी यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत, हेही खरेच.

हसणे चालू असताना मावशीने मोबाइल मागून घेतला. जुन्या बैठकीत काकांचा फोटो असे. चित्रातही फोटो होता, हार होता. पण यंत्राने सारेच नव्याने रंगवलेले. चौकटीत भलताच गृहस्थ बसला होता.

“हे कोण रे?”

“आजोबाच की, आजी.”

मावशी बराच वेळ पाहत राहिली. मग मोबाइल परत देऊन गवंड्याला म्हणाली, “जिन्याचं राहू द्या. ह्यांच्या फोटोचा खिळा कुठं ठोकणार, तेवढं आधी सांगा.”